तिसरी तार

अण्णांचे दात वाजत होते आणि अक्का त्यांच्या पायांवर पाणी ओतत होती. तुणतुण्याची तार अण्णांच्या मुठीत होती आणि मूठ उघडत नव्हती. मान मागे गेली होती, घशातून हंबरल्यासारखा आवाज येत होता. समोर बसलेल्या बायांनी हात जोडले. "आली, आई आली," असं एक म्हणाली आणि मग सगळ्याच म्हणू लागल्या. शंकरमामानं संबळाचा जोर वाढवला, कारण गोंधळात कुणाच्या अंगात आलं तर संबळ थांबवायचं नसतं. आणि ज्याच्या अंगात येतं त्याला धरायचं नसतं, फक्त त्याचे पाय धुवायचे आणि कपाळाला कुंकू लावायचं. अक्का थोरली बहीण, मान तिचा. तिनं तांब्या रिकामा केला, दुसरा मागितला आणि ओल्या हातानं कुंकवाचा करंडा उघडला.

अण्णा माझे वडील. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. ही देवी नाही हे मला कळलं होतं. कसं कळलं ते सांगायचं तर आधी पेटीचं सांगावं लागेल.

आम्ही गोंधळी. कन्नड मुलखात, चिकपेटच्या बाजारात, साड्यांच्या एका गोदामामागे दोन खोल्यांत राहत होतो. सकाळी उजाडायच्या आत गोदामात गठ्ठे पडायला लागायचे, भिंत हलायची आणि फळीवरचे डबे खडखडायचे. मग हातगाडीवाल्यांच्या शिव्या, कन्नडात, तेलुगूत, उर्दूत. मला शिव्या मराठी धरून चारही भाषांत येत होत्या, शाळा मात्र चौथीपर्यंतच झाली. पुढे कुणी पाठवलं नाही, मीही मागितली नाही. आई शिंप्यांच्या घरून काज-बटणाचं काम आणायची आणि दिवसभर मान वर करायची नाही. घर चालवायची ती अक्का. ती खरं तर माझी आत्या, अण्णांची मोठी बहीण, विधवा होऊन परत आलेली. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. रोज नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि हुलग्याचं सार करायची. मुद्दा चावायचा नसतो, तोडून सारात बुडवून गिळायचा असतो. मी चावला की तिची फुंकणी पाठीत बसायची. "दात देवानं भाकरीला दिलेत, मुद्द्याला नाही," असं म्हणायची. सार मात्र तिच्यासारखं मी दुसरीकडे खाल्लं नाही.

तुणतुणं तांदळाच्या डब्यावर खुंटीला टांगलेलं असायचं. ते पाहिलेलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेर मापासारखं लाकडी भांडं, त्याला तळाशी कातडं, बाजूला एक काठी, काठीच्या टोकाला खुंटी, आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. लाकडाच्या काडीनं ती छेडायची. एकच सूर निघतो. त्या सुरावर गोंधळी रात्रभर उभा राहतो. लोकांना वाटतं ते शोभेला असतं. अण्णा म्हणायचे, "संबळ लोकांसाठी, तुणतुणं माझ्यासाठी. ते ऐकू आलं नाही तर मी आंधळा."

आणि ते ऐकू येईनासं झालं होतं. पूर्वी लग्नघरात गोंधळ उभा राहिला की बाकी सगळं गप्प असायचं. आता खोलीत पंखे फिरायचे, बाहेर मांडवात भोंग्यावर सिनेमाची गाणी लागायची, पोरं त्यातच नाचायची. अण्णांचा सूर सरकायचा. त्यांना स्वतःला कळायचं नाही, आणि मागे बसलेले तोंडाला पदर लावून हसायचे. दोन घरांनी आम्हांला बोलावणं बंद केलं. मग सगळ्यांत मोठं घर राहिलं, साड्यांच्या एका व्यापाऱ्याचं. त्यांना सगळे शेट म्हणत. चिकपेटात दुकान, देवनहळ्ळीला मूळ घर, आणि देवी त्या मूळ घरात. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आमचंच घराणं उभं राहत आलेलं. एक दिवस शेट स्वतः आमच्या दारात आले, आत मात्र आले नाहीत.

"अण्णा, थोरलीचं लग्न ठरलं. गोंधळ देवनहळ्ळीलाच. पण तुमचं तुणतुणं मागं ऐकूच येत नाही हो. हुबळीची एक पार्टी आहे, ते माईक-बिईक सगळं आणतात. आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

अक्का आतून म्हणाली, "आमचंही येईल मशीन. आमच्याशिवाय तुमची देवी उठायची नाही, शेट."

"सरी अक्का, येऊ दे," शेट म्हणाले आणि गेले.

हे घर गेलं तर आम्ही गोंधळी राहिलो नसतो. अण्णांना गोदामात गठ्ठे उचलावे लागले असते. गोदामाच्या मुकादमानं तसं विचारलंही होतं, हसत हसत. त्या हसण्यानंतर दोन दिवस अण्णा जेवले नाहीत. म्हणजे अक्कानं वाढलं ते खाल्लं, पण जेवले असं म्हणता येणार नाही.

रेडिओ दुरुस्तीचं दुकान आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. अण्णा, अक्का आणि तुणतुणं धरायला मी, असे गेलो. दुकानदाराला सगळे रेडिओअण्णा म्हणत. तो कन्नड बोलायचा, मी इथं मराठीत लिहिते. अण्णांनी तुणतुणं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की याला मोठा आवाज पाहिजे. रेडिओअण्णानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"गाण्याला माईक नको? नुसतं याला?"

"माझा आवाज लोकांना ऐकू जातो. याचा मला ऐकू येत नाही."

"आजवर लोक मला सांगत आले की माझं लोकांना मोठ्यानं ऐकव. तुम्ही पहिले, ज्यांना स्वतःलाच ऐकायचंय," असं म्हणून त्यानं पत्र्याचा एक चिमटा काढला, त्याला वायर जोडली आणि तो तुणतुण्याच्या तारेला, कातड्याजवळ, लावला. आधी त्यानं एक लहान पेटी लावली. अँप्लिफायर हा शब्द घरात कुणाला म्हणता आला नाही, म्हणून आमच्यात त्याला पेटीच म्हणत. ती टॉर्चच्या सेलवर चालायची, वर कडी होती, हातात धरून नेण्यासारखी. अण्णांनी काडीनं तार छेडली. पेटीतून तुणतुणंच आलं. जरा मोठं, पण तेच, तळाशी कातड्याची घरघर असलेलं. अण्णांनी डोळे मिटले आणि पुन्हा छेडली. मग पेटीला कान लावून छेडली. त्यांचा चेहरा दाढी केल्यावर होतो तसा मोकळा झाला.

"हे खरं बोलतंय," ते म्हणाले.

अक्काला ती पसंत पडली नाही. "हा काय पेढ्याचा डबा! यात देवीचा आवाज कोंडायचा का? शेटच्या चार खोल्यांत पोचेल हे?"

रेडिओअण्णानं मधली एक दाखवली, कोरी करकरीत, विजेवर चालणारी. तिची किंमत ऐकून आम्ही तिघांनीही दुसरीकडे पाहिलं. मग कोपऱ्यात एक काळी होती. लोखंडी पेटी, वर जाळी, बंद पडलेल्या तंबू-सिनेमातून आलेली. तो म्हणाला, "स्वल्प थांबा, ही उघडावी लागेल." उघड्या पेटीत हात घालायच्या आधी त्यानं पायानं एक लाकडी फळी ओढली आणि तिच्यावर उभा राहिला. मी विचारलं, फळी कशाला?

"लाकडातून करंट जात नाही, पुट्टी. जमिनीवर उभा राहून हात घातला तर माझी बायको दुसरा नवरा शोधेल."

"मग तिचं भलं होईल," अक्का म्हणाली, आणि तो खो खो हसला.

काळी पेटी चालू केली तेव्हा आधी घुंऽऽ असा आवाज झाला. मग अण्णांनी तार छेडली आणि रस्त्यावरचे लोक थांबून आत बघायला लागले. एवढा मोठा आवाज होता. तो तुणतुण्याचा नव्हता, पत्र्यावर घण मारल्यासारखा होता. अण्णांनी एकदा छेडली आणि काडी खाली ठेवली.

"अक्का, ही माझं ऐकत नाही. ही स्वतःचंच बोलते."

"लोकांना तेच पाहिजे, गोविंदा. शेटनं काय सांगितलं? मागच्यांना ऐकू येत नाही. मागच्यांना ऐकव. तू स्वतःला घरी ऐक."

साठवलेले पैसे अक्काचे होते, म्हणून पेटी अक्काची झाली. निघताना रेडिओअण्णानं वायरीचं टोक दाखवलं. त्याला तीन पिना होत्या. त्यानं मोठ्या पिनेवर बोट ठेवलं. "नोडी, इकडं बघा, ही तिसरी तार जमिनीची. पेटी जुनी आहे, लोखंडाची आहे. तीन भोकांच्या प्लगातच लावायची. ही सोडून लावायची नाही."

"एका तारेच्या वाद्याला तीन तारा," अक्का म्हणाली. "शहाणपण करतोय मेला."

माझी नात बसवनगुडीला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला तुणतुण्याची आवड लागली. ऑफिसातल्या पोरांबरोबर वाजवते, गिटार आणि कसला ढोल घेऊन. गेल्या महिन्यात मेट्रोनं आली आणि मोबाइलवर मला पेट्यांची चित्रं दाखवू लागली. "आज्जी, हा बिगिनर्ससाठी बेस्ट आहे म्हणे. हा बघ, याचे रिव्ह्यूज भारी आहेत. आणि हा ब्लूटूथवाला. कुठला घेऊ?" तिला वाटलं मला यातलं काय कळणार. मी म्हटलं, आधी वाजवून बघ, जो तुझ्या तुणतुण्यासारखा बोलेल तो घे. आणि विचारलं, भिंतीत खुपसायचा आहे की सेलवर चालतो? ती म्हणाली, "चार्जिंगचा आहे." मग घे म्हटलं. भिंतीतला घेणार असलीस तर वाजवायला मला बोलवू नकोस. ती हसली. तिला हे सगळं माहीत नाही. तिच्या आईला थोडं माहीत आहे.

देवनहळ्ळीला आम्ही बसनं गेलो. पेटी शंकरमामाच्या मांडीवर होती. शंकरमामा म्हणजे आईचा भाऊ, संबळ वाजवणारा. हातानं कसलेला, डोक्यानं घाईचा. आता तिकडे विमानतळ आहे, वाटेत सगळे घरांचे लेआउट झालेत, टॅक्सीतून जाताना कुठं काय होतं ते ओळखू येत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे होते आणि बसमध्ये कोंबड्या होत्या. शेटचं घर जुन्या किल्ल्याजवळ. देवीची खोली आत, दगडी फरशीची. गोंधळाआधी ती धुऊन काढलेली, फरशी अजून ओली होती. अक्कानं चौक मांडला. मधोमध लाकडी पाट, पाटावर नवं खणाचं कापड, त्यावर तांदळाची रास, कलश, नारळ, विड्याची पानं. बाजूला दिवटी तेल पाजून तयार. काळ्या पेटीला अक्कानं हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि ती चौकाजवळ ठेवली.

त्या खोलीत दिव्याखाली एकच प्लग होता, दोन भोकांचा. मामानं प्लग पाहिला, पेटीची वायर पाहिली आणि खिशातून चाकू काढला. तीन पिनांचं टोक त्यानं कापून टाकलं. आतल्या तिन्ही तारा सोलल्या. दोन तारा दोन भोकांत घातल्या आणि सुटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या ठोकून घट्ट केल्या. तिसरी तार उरली. ती त्यानं बोटाला गुंडाळून बघितली, मग पेटीच्या हारात खोचून दिली, दिसू नये म्हणून. मी म्हटलं, "मामा, तो सोडू नका म्हणाला होता."

"कोण?"

"रेडिओअण्णा."

"मग बोलव त्याला, भोक पाड म्हणावं भिंतीला. शेटच्या लग्नात." बाया हसल्या.

अण्णांनी चिमटा लावला आणि तारेवर बोट टेकवून पाहिलं. पटकन हात मागे घेतला. "अक्का, मुंग्या येतात गं."

"नवी आहे. देवीपुढं बसलीय, अंगात तेज असणारच. काडीनं वाजव, बोट लावू नको."

अण्णांनी ऐकलं. सगळं आयुष्य तिचं ऐकलं होतं. दिवेलागणीला गोंधळ उभा राहिला. दिवटी पेटली, संबळ सुरू झालं, अण्णांनी एकेका गावच्या देवीला नाव घेऊन बोलावलं. काळी पेटी घणघणत होती आणि सगळ्या खोल्यांत ऐकू जात होती. शेट दारात उभे राहून मान हलवत होते. अक्का माझ्याकडे बघून हसली. ती हसायची नाही, म्हणून लक्षात राहिलं. मग तार उतरली. पावसाळी हवेत उतरतेच. अण्णा गाता गाता नेहमी करायचे तेच त्यांनी केलं, एका हातानं तार मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं खुंटी पिळायला गेले.

तिथून पुढचं वर लिहिलं आहे. दात, हंबरणं, हात जोडलेल्या बाया. अनवाणी पाय, ओली फरशी, आणि वर अक्काचं पाणी. लोकांची चूक म्हणता येणार नाही. अंगात येतं तेव्हा माणूस असाच दिसतो. फरक एवढाच होता की देवी आली की माणूस डोळे फिरवतो, अण्णांचे डोळे फिरले नव्हते. ते माझ्याकडे लागले होते. मी ओरडले, "करंट आहे, धरू नका!" पण संबळात माझं कुणाला ऐकू गेलं नाही. अक्कानं ओला अंगठा कुंकवात बुडवला आणि अण्णांच्या कपाळाला टेकवला. दुसरा हात तिनं त्यांच्या दंडावर ठेवला, भावाला ठेवतात तसा. मग तीही हलायला लागली. बायांचा आवाज चढला. एकाच वेळी दोघांच्या अंगात म्हणजे मोठंच झालं. शेटनी जमिनीवर डोकं टेकलं.

खोलीत लाकडाची फळी म्हणावी अशी वस्तू एकच होती. चौकाखालचा पाट. मी खणाचं कापड धरून ओढलं. कलश पडला, नारळ गडगडत शेटच्या डोक्यापाशी गेला, तांदूळ सगळीकडे सांडले. पाट दोन्ही हातांनी उचलला आणि अण्णांच्या मनगटावर मारला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा तुणतुण्याची काठी मोडली, तार सुटली, आणि दोघं खाली पडले. मग मला कुणीतरी मागून थोबाडीत मारली. मामानं की शेटच्या बायकोनं, ते मला कळलं नाही. कुणी म्हणत होतं, पोरीनं देवी लाथाडली. संबळ तेव्हा थांबलं. त्या शांततेत काळी पेटी एकटी घुंऽऽ करत होती. मी मांडवातल्या विजेच्या माणसाला हाका मारत बाहेर पळाले. त्यानं येऊन बटण बंद केलं आणि काड्या उपटल्या.

गावातला डॉक्टर आला. आधी अक्काला पाहिलं, मग लगेच अण्णांकडे वळला. त्यावरून मला समजलं. कपाळावर कुंकू अण्णांच्या, अंगठ्याला कुंकू अक्काच्या. अण्णांच्या तळव्यावर तारेची रेघ भाजून पडली होती. ती शेवटपर्यंत होती. भात कालवताना दिसायची.

तेराव्यानंतर शेट आले. या वेळी आत आले, चटईवर बसले. म्हणाले, "अण्णा, सगळं गाव म्हणतंय, देवी आली होती. पोरीनं चौक मोडला म्हणून तिनं अक्काला नेलं. प्रायश्चित्त घ्या, पोरीला देवळात बसवून उपास करू द्या. मग गोंधळ तुमच्याकडेच राहील. आता तर लोक तुम्हांलाच मागतील. देवी आलेला गोंधळी म्हणून."

आईचा सुईचा हात थांबला. मी भिंतीला टेकून उभी होते. शेटचं म्हणणं खरं होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तर अण्णांना आयुष्यभर पुरलं असतं. उपास मी केला असता, मला काही वाटलं नसतं. अण्णांनी पाण्याचा तांब्या शेटपुढं सरकवला.

"तार होती, शेट. देवी मला ओळखते. ती माझे दात वाजवत नाही. आणि चौक मोडला म्हणून मी इथं बसून तुमच्याशी बोलतोय."

"नीट विचार करा, अण्णा."

"केला. पाणी प्या."

शेट पाणी न पिता उठले. ते घर गेलं. हुबळीची पार्टी आली, अजून येत असेल. मामा आमच्याकडे यायचा थांबला. भांडण झालं नाही, यायचा थांबला एवढंच. काळी पेटी अण्णांनी रेडिओअण्णाला परत नेऊन दिली आणि बदल्यात सेलवरची लहान पेटी आणली. तुणतुण्याला नवी काठी बसवली. पुढे शिंप्यांच्या, रंगाऱ्यांच्या लहान घरांतून ते उभे राहिले. तिथं पंखेही नव्हते आणि भोंगेही नव्हते. पेटी पायाशी ठेवून डोळे मिटायचे. पोट भरायचं तेवढं भरलं, नाही भरलं तेव्हा गोदामात गठ्ठे उचलले. मुकादम पुन्हा हसला नाही.

सार आई करायला लागली. तसं जमलं नाही. मी मुद्दा चावून खायला लागले, कुणी मारलं नाही.

काल नातीचा फोन आला होता. तिनं चार्जिंगचा घेतला, वाजवून बघून घेतला म्हणाली. फोनवर तुणतुणं ऐकवलं. भांडं तेच आहे, अण्णांचं. घरघर तशीच आहे.

त्या दिवशी अण्णा वाचले, तुणतुणं वाचलं. अक्का वाचली नाही.